तिसऱ्यांदा विचारल्यावर

मास्तरांनी डावा हात वर केला, तीन बोटं उभी धरली आणि हसले. त्यांचा उजवा हात कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत बँडेजमध्ये गुंडाळून उशीवर ठेवला होता, तान्हं बाळ निजवावं तसा. पोटावरची चादर एका बाजूला जरा जास्तच फुगली होती. मी तिकडे बघत नव्हते. आई दाराबाहेर डॉक्टरांशी बोलत होती. "तीन वेळा विचारलं गं," मास्तर म्हणाले. "बरोब्बर तीन वेळा. माझ्याकडे बघ, काय हवंय तुला? माझ्याकडे बघ, काय हवंय तुला? तिसऱ्यांदा विचारलं आणि पुढे झालो. तर त्या गृहस्थानं सुरी ठेवलीच नाही." मग त्यांना खोकला आला. खोकताना पोट दुखलं असणार, कारण चेहरा क्षणभर कागदासारखा चुरगळला. तो परत सरळ करून ते म्हणाले, "आरोपी बदलला ना, त्यामुळे घोळ झाला." आणि मी हसले. खरंच हसले, खळखळून, नेहमी हसते तशी, कारण मास्तरांच्या विनोदाला हसायची मला सवय होती. हसणं तोंडातून बाहेर पडलं आणि मग कुठे ते काय म्हणाले ते माझ्या कानांतून आत पोचलं. भीती पोटात येते असं सगळे म्हणतात. मला ती मनगटात आली. उजव्या. जणू कोणीतरी तिथे गार पाण्याची पट्टी बांधली.

आरोपी म्हणजे मी. माझ्या आईच्या प्रशिक्षण केंद्रातले सगळे शिकाऊ पोलिस मला त्याच नावानं हाक मारतात. "काय आरोपी, गृहपाठ झाला का?" "आरोपी, वाढलीस गं, हातकडी लहान पडेल आता." मी दोन वर्षं दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्या केंद्राच्या हॉलमध्ये रबराची सुरी घेऊन कोपऱ्यात उभी राहते, आणि नोकरीवर रुजू होण्याआधी प्रत्येक शिकाऊ पोलिस एकदा तरी माझ्यासमोर येऊन मला समजावतो. आई त्यांना बोलायला शिकवते. लोकांना वाटतं पोलिसांना धावणं, काठी आणि बंदूक एवढंच शिकवतात. माझ्या शाळेतल्या मुलींनाही तसंच वाटतं. आई म्हणते, धावायला कुत्रापण शिकतो. घाबरलेल्या माणसाच्या हातात सुरी असताना त्याच्याशी काय बोलायचं, किती लांब उभं राहायचं, किती वेळ गप्प बसायचं, हे शिकवायचं तर वेळ लागतो आणि माणसं लागतात. एके काळी ती होती. बाहेरून चार नट यायचे. एक जाडे गृहस्थ खरंखुरं रडायचे. एक बाई चाळीस मिनिटं एक अवाक्षर बोलायच्या नाहीत. एक म्हातारे कधी शरण यायचे, कधी खुर्ची फेकायचे, आणि आज काय करणार हे आईलासुद्धा सांगायचे नाहीत. मग सरकारनं केंद्राचं अनुदान कापलं. आधी नट गेले. मग अर्धा हॉल गेला, तिथे जुन्या फायलींची कपाटं आली. मग तास गेले. आईनं पत्रांवर पत्रं लिहिली. प्रत्येक उत्तरात एक शब्द हमखास असायचा, विचाराधीन. बाबांनी तो घरात रुळवला. स्वयंपाक त्यांच्याकडे असला आणि मी जेवायला काय आहे विचारलं की म्हणायचे, "विचाराधीन आहे."

मी त्या हॉलमध्ये आले ती अगदी कोणीच मिळालं नाही म्हणून. आठवीत होते तेव्हा. आणि तेव्हाची मी म्हणजे कोणी वेगळीच मुलगी, आता आठवली तरी तिच्या जागी मला घाम फुटतो. तिचे शब्द अडकायचे. हजेरीत नाव आलं की "हजर" म्हणायचं, एवढंच. पण तो ह घशाच्या तळाशी जाऊन बसायचा, मी तोंड उघडून उभी, बाई वही धरून उभ्या, मागे कोणीतरी खुसखुसायचं, आणि एकदा तर बाईंनी माझ्याकडे बघत बघत माझी गैरहजेरी लावली. आई म्हणाली होती, नुसतं उभं राहायचं, बोलायचंच नाही. मी उभी राहिले. समोर तीस मोठी माणसं, खांदे ताठ, बूट चकचकीत, आणि सगळीच्या सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती, अगदी मन लावून, कारण मी काय म्हणते यावर त्यांचे गुण होते. आणि मला बोलावंसं वाटलं. पहिला शब्द यायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. कोणी खुसखुसलं नाही. कोणी माझं वाक्य पुरं केलं नाही. माझ्या हातात सुरी होती, म्हणून मला कोणी घाई करत नव्हतं. त्या शनिवारनंतर माझा आवाज जो सुटला तो सुटलाच. आता मी दहावीत आहे. परिपाठ मी घेते, वक्तृत्वाच्या ढाली मी आणते, आणि शिक्षकांच्या खोलीत म्हणतात की हिला आता थांबवा कोणीतरी. हे सगळं मला त्या कोपऱ्यानं दिलं. म्हणून मला तो कोपरा आवडायचा, आणि म्हणूनच मी तिथे ते केलं.

ते म्हणजे तिसऱ्यांदा विचारल्यावर सुरी खाली ठेवणं. एका दुपारी तीस जण, तीन तास, म्हणजे प्रत्येकाला सहा मिनिटं. सहा मिनिटं झाली की आई शिट्टी वाजवायची. शिट्टी वाजली तरी सुरी माझ्या हातात असली की तो शिकाऊ नापास. शिट्टीनं संपणं मला मुळीच आवडायचं नाही, नाटक अर्धवट तुटल्यासारखं वाटायचं. मग मीच बसवलं. "माझ्याकडे बघ, काय हवंय तुला?" हे वाक्य त्यांच्या पुस्तकातच आहे. पहिल्यांदा विचारलं की मी भिंतीकडे बघायची. दुसऱ्यांदा विचारलं की ओठ थरथरवायची. तिसऱ्यांदा विचारलं की हुंदका, हात हळूहळू खाली, आणि सुरी जमिनीवर. रबर असल्यामुळे थप्प असा जरा बावळट आवाज यायचा, पण एकूण छान दिसायचं. आईला वाटायचं मुलं शिकतायत. मुलांना वाटायचं आपल्याला जमतंय. एका तुकडीनं दुसरीला सांगितलं असणार, कारण मग मला दिसायला लागलं की समोरचा बोलताना हात पाठीमागे घेतो आणि फायलींच्या कपाटाच्या काचेत त्याची बोटं दिसतात. एक. दोन. तीन. मला ते माहीत होतं. हे मी आईला कधीच सांगितलं नाही. मला राग यायला हवा होता की नाही? मला राणी झाल्यासारखं वाटायचं. एवढे धिप्पाड लोक माझं नाटक पाठ करून येतायत! आणि मास्तर तर सगळ्यात लाडके. नऊ वर्षं हंगामी शिक्षक होते, कायम कोणी केलं नाही, म्हणून वयाची अट संपता संपता पोलिसात आले. चहाच्या सुट्टीत मला त्रिकोणमिती शिकवायचे. "आरोपी, आधी हे समीकरण सोडव, मग शरण ये." ते इतकं मायेनं विचारायचे की त्यांच्यासाठी मी एकदा दुसऱ्याच वेळेला सुरी ठेवली होती. बक्षीस म्हणून.

मास्तर रुजू होऊन तीन आठवडे झाले होते. तिसऱ्या मजल्यावरचं घर, आत एक माणूस, हातात स्वयंपाकघरातली सुरी, बायको आणि मुलं न्हाणीघरात कडी लावून बसलेली. पेपरात दोन ओळी आल्या. किरकोळ जखमी, असं लिहिलं होतं. बोटांच्या शिरा तुटल्या की ते किरकोळ असतं, हे मला नव्यानं कळलं. हॉस्पिटलमधून परतताना बसमध्ये आई खिडकीशी बसली होती आणि मी तिच्याकडे न बघता तिच्या काचेतल्या चेहऱ्याकडे बघत होते. तिला माहीत नव्हतं. मास्तरांनी ते मला सांगितलं होतं, विनोद म्हणून, आणि आई आत आल्यावर विषय बदलला होता. "मॅडम, फळं कशाला आणलीत, उगाच." काचेतली आई एकदा म्हणाली, "एवढा चांगला शिकलेला माणूस. पुढे गेलाच कसा तो? पुढे जायचं नाही, ही तर पहिली गोष्ट." माझं मनगट गार पडलं. बसमध्ये उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाचा उजवा हात मला दिसायला लागला. छत्रीची मूठ, पिशवीचा बंद, दांडीला धरलेली बोटं. यातलं कोण तिसऱ्यांदा विचारल्यावर ठेवेल? कोणीच नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी मोजायचा प्रयत्न केला, दर तुकडीत तीस, मी आल्यापासून किती तुकड्या झाल्या. मग मी मोजणं सोडून दिलं. ती सगळी माणसं आत्ता या क्षणी कुठल्या ना कुठल्या जिन्यावर, कुठल्या ना कुठल्या दारासमोर होती, आणि पाठीमागे त्यांची बोटं उघडत होती.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तीनला समिती येणार होती. आईचा हा विषय ठेवायचा की बंद करायचा हे ती ठरवणार होती. ठेवला तर पुढच्या वर्षीपासून वेगळं अनुदान, नट परत, अर्धा हॉल परत. बंद केला तर धावणं, काठी, बंदूक. सकाळी आई गणवेशाच्या एकाच बाहीवर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होती. ती कुणासमोर घाबरत नाही, इस्त्रीसमोर घाबरते. "आज अगदी नेहमीसारखं कर हं," ती म्हणाली. "सहा मिनिटं. उगाच कलाकारी नको. त्यांना दिसलं पाहिजे की हे शिकवून येतं." मी दारात उभी होते. सांगायचं होतं. रात्रभर वाक्य जुळवून ठेवलं होतं, वक्तृत्वाच्या भाषणासारखं, आरंभ, मध्य, शेवट. "आई, म—" मी म्हणाले. म आला आणि ओठ मिटले ते मिटलेच. दोन वर्षांत पहिल्यांदा. ओठांच्या मागे मास्तर अख्खेच्या अख्खे उभे होते आणि दार उघडत नव्हतं. "काय गं?" आईनं वर पाहिलं. अडकणारी मुलं एक गोष्ट फार पटकन शिकतात, अडकलेला शब्द टाकून जवळचा दुसरा उचलायचा. ती जुनी मुलगी अजून माझ्यात होती आणि तिला ते अजून येत होतं. "मोजे," मी म्हणाले. "मोजे कुठेयत माझे?" "तुझ्या पायात," आई म्हणाली, आणि हसली, बिचारी. मी आरशासमोर जाऊन तोंड उघडून पाहिलं. घसा नेहमीसारखाच लाल होता. पण मला कळलं होतं की तो कोपरा जे देतो ते काढूनही घेतो. आणि दुसरीही एक गोष्ट कळत होती, ती जास्त भीतीची. मी आज नेहमीसारखं केलं तर सगळं चांगलंच होणार होतं. आईचा विषय वाचणार होता. रडणारे जाडे गृहस्थ परत येणार होते, न बोलणाऱ्या बाई परत येणार होत्या, पुढच्या वर्षीचे सगळे शिकाऊ नीट शिकणार होते. फक्त या वर्षीचे नाही. एवढंच.

या वर्षीची म्हणजे चिमणी. प्रात्यक्षिक तिचं होतं. तुकडीत सगळ्यात बुटकी, मापाच्या पट्टीखाली मान ताणून कशीबशी पास झालेली, आणि आवाज असा की मैदानावर ती शिंकली तरी रांग सावध व्हायची. केंद्रात तिच्या मापाचे बूट नव्हते. मोठे होते त्यांतच बोटांपाशी कापूस भरून चालायची, म्हणून तिच्या पावलांचा खट्‌-सर्र असा दुहेरी आवाज यायचा. तीनला दहा मिनिटं असताना ती मला बायकांच्या प्रसाधनगृहात भेटली. नळाखाली हात धरून उभी होती, हात धुऊन झाले होते तरी. "आरोपी, आज घोळ नको हं," ती म्हणाली. "तिसऱ्याला ठेव. मी तुला दोन आइस्क्रीम देईन." मी म्हणाले, "नेमणूक कुठे झाली?" "अगं, मास्तरांच्याच जागी!" ती म्हणाली. "सोमवारी रुजू." मग आरशात बघून टोपी सारखी करत म्हणाली, "खरं सांगू, मास्तर जरा हळवेच. मी असते ना, एका मिनिटात खाली ठेवायला लावली असती." तिच्या गणवेशाची बटणं इतकी घासली होती की त्यांच्यात मी दिसत होते, पाच वेळा, इवलीशी, उलटी. समितीचा निर्णय पुढच्या वर्षीचा होता. चिमणीचा सोमवार चार दिवसांवर होता.

समितीत तिघं होते. दोघे पुरुष आणि एक बाई, चष्म्याला साखळी असलेल्या. त्यांच्यासमोर बिस्किटांच्या बशा होत्या आणि एका गृहस्थांनी तोंडात बिस्कीट असतानाच "सुरू करा" म्हटलं. मी कोपऱ्यात. आई खिडकीशी, गळ्यात शिट्टी, डोळे घड्याळावर. बाकीचे शिकाऊ भिंतीला रांगेनं. खट्‌-सर्र, खट्‌-सर्र, चिमणी दारातून आत आली, चार पावलांवर थांबली. "माझ्याकडे बघ. काय हवंय तुला?" मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर ओलीचा एक डाग आहे, मी त्याला दोन वर्षं ओळखते, आज तो चादरीसारखा एका बाजूला फुगलेला दिसत होता. "माझ्याकडे बघ. काय हवंय तुला?" ओठ थरथरले, ते मी थरथरवले नव्हते. काचेत चिमणीची दोन बोटं दिसली, मग तिसरं अंगठ्याखालून सुटायच्या तयारीत. रांगेतल्या सगळ्यांनी आधीच श्वास सोडला होता, झालं म्हणून. "माझ्याकडे बघ. काय हवंय तुला?" आणि सगळ्यात भयंकर गोष्ट घडली. माझा हात आपोआप खाली यायला लागला. मी ठरवायच्या आधी. हुंदकासुद्धा घशात तयार होता. तो हात माझा नव्हताच, तो त्या वाक्याचा होता. मला वाटलं, म्हणजे असं होतं तर, मास्तरांचे पाय असेच पुढे गेले असणार, त्यांनी ठरवायच्या आधी. मी सगळा जीव मनगटात आणला आणि हात थांबवला. चिमणी निघालेली होती. ती माझ्या हाताकडे बघतच नव्हती, चेहऱ्याकडे बघत होती, तिच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं, आणि ती सरळ चालत सुरीवर आली. रबराचं पातं तिच्या पोटाशी वाकलं. सुरीला दरवर्षी आई चंदेरी रंग देते. तो निघतो. चिमणी मागे झाली तेव्हा तिच्या गणवेशावर, शेवटच्या बटणाच्या जरा बाजूला, चंदेरी रेघ होती. मास्तरांची चादर फुगली होती त्याच बाजूला.

समितीचं बिस्कीट चावणंसुद्धा थांबलं. चिमणीनं रेघेवर बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. "अगं," ती अगदी हळू म्हणाली, "तिसरं झालं की." आई शिट्टी तोंडात धरून माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत काय होतं ते मला वाचता येईना, बहुतेक आधी राग, मग प्रश्न. मला बोलायचं होतं. दुसरा शब्द उचलायचा नव्हता. "म—" मी म्हणाले. ओठ मिटले. तीस जण, समिती, आई, सगळे उभे किंवा बसलेले, आणि मी माझ्या मिटलेल्या ओठांच्या मागे, आठवीतली, घामेजलेली. मी थांबले. दार ढकलत राहिले. "म— मास्तरांनी," मी म्हणाले, "तीन वेळा विचारलं होतं. त्या माणसाला. तीनदा विचारलं आणि पुढे गेले. हे मी शिकवलंय. सगळ्यांना." आईच्या तोंडातून शिट्टी सुटली आणि दोरीला लोंबकळायला लागली. तिच्या चेहऱ्यावर हिशेब चाललेला मला दिसला, तोच, जो मी बसमध्ये अर्धा सोडून दिला होता. दर तुकडीत तीस. तिनं तो शेवटपर्यंत केला. मी बघत होते, आणि मला वाटलं आता ती पडणार.

"झालं का प्रात्यक्षिक?" बिस्किटवाल्या गृहस्थांनी विचारलं. टाळ्या वाजवायच्या की नाही हे त्यांना कळत नव्हतं.

"नाही," आई म्हणाली. मग चिमणीकडे वळली. तिचा आवाज नेहमीचाच होता, मैदानावरचा, फक्त खूप लांबून आल्यासारखा. "तू मेलीस. दारापासून परत ये."

चष्म्याच्या साखळीवाल्या बाईंनी कागदावरचं वेळापत्रक पाहिलं. "मॅडम, साधारण किती वेळ लागेल याला?"

"ते तिलाही माहीत नाही," आई माझ्याकडे बघत म्हणाली.

आणि ते खरं होतं. खट्‌-सर्र करत चिमणी दाराशी गेली, परत आली. या वेळी लांबच थांबली, सहा पावलांवर. दोन्ही हात समोर, उघडे. चंदेरी रेघ तिच्या श्वासाबरोबर वरखाली होत होती. तिच्याजवळ म्हणायला काही उरलंच नव्हतं, तिचं वाक्य संपलं होतं. मी सुरी धरून उभी. घड्याळात सहा मिनिटं झाली, शिट्टी वाजली नाही. नऊ झाली. ती घाबरली होती. मीही. आईसुद्धा. बिस्किटवाले गृहस्थ खुर्चीत मागे सरकले होते, जणू सुरी खरी आहे. दोन वर्षांत त्या कोपऱ्यात मला कधी भीती वाटली नव्हती, कारण कधी ठेवायचं ते मला माहीत असायचं. आता पुढचा क्षण कोणाच्याच पाठीमागे बोटांवर मोजलेला नव्हता. चिमणी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, मग तिची नजर खाली आली, खांद्यावर, कोपरावर, मनगटावर, आणि तिथे थांबली. बराच वेळ थांबली. मग तिनं विचारलं, आणि हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"हात दुखत असेल ना गं तुझा?"

दुखत होता. आत्ता कळलं, केव्हापासूनचा ठणकत होता, कालपासून, हॉस्पिटलपासून. मला फक्त हो म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि ह घशाच्या तळाशी जाऊन बसला, जुन्या जागी. मी तोंड उघडं टाकून उभी राहिले. रांगेतून कोणी खुसखुसलं नाही. चिमणी पुढे आली नाही. तिनं माझा शब्द पुरा केला नाही. सहा पावलांवर, कापूस भरलेल्या बुटांत, हात उघडे ठेवून, ती वाट बघत राहिली.